वाचक विचारतात : हॉल एकच, त्यात पिक्चरही आणि गाणंही

या वेळी आवाजाबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, बहुतेक पुण्यातलेच, आणि तक्रार फिरून फिरून तीच, की होम थिएटर घेतलं, पिक्चरला मजा येते, पण गाणं लावलं की जीव रमत नाही. म्हणून आज फक्त हाच विषय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न (कोथरूड) : सर नमस्कार. आमचा हॉल साधारण ११ बाय १६ फूट आहे. काही वर्षांपूर्वी एकाच खोक्यात सगळं येतं तसला ५.१ सेट घेतला, पाच छोटे स्पीकर आणि फक्त खालचे सूर वाजवणारा एक सबवूफर, खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं. पिक्चरला धमाल येते. पण आम्ही दोघंही शास्त्रीय ऐकणारे, दर डिसेंबरला सवाईला जाणारे, आणि घरी ख्याल लावला की गवई डब्यात बसून गातोय असं वाटतं आणि डग्गा कुठून तरी कोपऱ्यातून येतो. आता बदलायचंय, बजेट लाख-सव्वा लाख. दुकानदार म्हणतो ७.१ किंवा अ‍ॅटमॉस घ्या (सात स्पीकर, नाहीतर वरूनही आवाज येतो ते), गाणीही भारी वाजतील. बायको म्हणते दोनच चांगले स्पीकर घेऊ आणि पिक्चरचा नाद सोडू. कोणाचं ऐकू?

उत्तर : बायकोचं ऐका, फक्त पिक्चरचा नाद सोडायची गरज नाहीये.

आधी तो गवई डब्यात का बसलाय ते बघू. तुमच्या सेटमधले स्पीकर मुठीएवढे, त्यांना खालचे सूर झेपतच नाहीत, म्हणून कंपनी १५०-२०० हर्ट्झच्या खालचं सगळं उचलून सबवूफरकडे पाठवते. आता काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा सा येतो साधारण १३९ हर्ट्झवर, मंद्र पंचम १०४ च्या आसपास. म्हणजे गवई नुसता सा लावून बसला तरी त्या सुराचा पाया कोपऱ्यातल्या सबमधून येतोय आणि वरचा भाग टीव्हीशेजारच्या छोट्या डबीतून, एकच गळा दोन जागी फाटलाय. पिक्चरमध्ये स्फोट-बिस्फोट असतात तेव्हा हे लक्षात येत नाही, पण विलंबित आलापीत लपायला जागाच नसते. डग्ग्याचंही तेच. आणि एक गोष्ट आत्ताच करा, फुकटात आहे : रिमोटवर 'हॉल', 'कॉन्सर्ट', 'म्युझिक', 'ऑल चॅनल' असलं काही चालू असेल तर बंद करून साधा 'स्टिरिओ' मोड लावा. अर्धी चिडचिड तिथेच कमी होईल.

दोन चॅनलचं गाणं हे दोन स्पीकरसाठीच बनवलेलं असतं. ईएमआयमधल्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरने १९३१ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, दोन स्पीकर नीट लावले की त्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, गायक उभा राहतो. सिनेमाचं वेगळं. तिथे संवादाला मधला स्पीकर, मागच्या-बाजूच्या आवाजांना सराउंड, आणि दणक्याला ते '.१' वालं चॅनल, ही मांडणी डॉल्बी डिजिटलबरोबर १९९२ पासून थिएटरात रुळली. कामं दोन आहेत खरी, पण पुढचे डावे-उजवे स्पीकर दोन्हीकडे लागतात. म्हणून पैसा तिथे ओता. सिनेमा चांगल्या स्टिरिओवर बसवता येतो, उलटं होत नाही.

तुमच्या बजेटचा निम्म्याच्या जवळपास भाग पुढच्या दोन स्पीकरला जाऊ दे, मग ते स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ असोत की जमिनीवर उभे टॉवर. माझं मत विचाराल तर या हॉलला साडेसहा इंची वूफरवाले बुकशेल्फ आणि दणकट स्टँड पुरे. मग एक मधल्या रेंजचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा डबा, शक्यतो ज्याला मागे प्री-आउट (बाहेरच्या अँपला जोडायची भोकं) आहेत असा, पुढे वेगळा अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारं यंत्र, जोडावासा वाटला तर दार उघडं राहतं. सेंटर स्पीकर त्याच कंपनीच्या त्याच सीरिजचा, नाहीतर संवाद म्हणणारा माणूस डावीकडून उजवीकडे चालत गेला की मधेच त्याचा आवाज बदलतो. सब त्यानंतर, सहा महिन्यांनी घेतलात तरी चालेल. सराउंड सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात स्वस्त. जुन्या सेटमधले छोटे स्पीकरच तूर्त सराउंड म्हणून लावता आले तर लावा, मात्र त्यांच्या मागे किती ओहम लिहिलंय ते बघा, अशा सेटमध्ये ३-४ ओहमचे असतात बऱ्याचदा आणि नवीन रिसीव्हरला ते चालतीलच असं नाही. दुकानदाराचं ७.१ मला पटत नाही, कारण लाखभरात सात स्पीकर, सब आणि रिसीव्हर बसवायचा तर एकेका स्पीकरच्या वाट्याला काय उरणार, परत त्याच डब्या.

वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. १००० वगैरे आकडे कुठल्या हिशोबाने येतात ते छापणाऱ्यालाच माहीत. रिसीव्हरवर 'पर चॅनल १०० वॅट' असतं तेही सहसा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेलं, पाचही चालवले की कमी भरतं. आणि तुमच्या हॉलमध्ये ८७-८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॅटमध्ये किती मोठं वाजतो तो आकडा) स्पीकरवर रोजचं गाणं ऐकायला एक-दोन वॅट लागतात, तानेच्या झटक्याला थोडे जास्त. दुप्पट वॅट म्हणजे फक्त ३ डेसिबलचा फरक.

आता जागा, आणि हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे कारण लोक स्पीकरवर लाख घालतात आणि मग ते टीव्ही युनिटच्या कप्प्यात गणपतीच्या मूर्तीशेजारी कोंबतात. कप्प्यात कोंबलेला स्पीकर घुमतोच. ११ फुटांच्या भिंतीसमोर, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, एकमेकांपासून सात-साडेसात फुटांवर दोघांना उभं करा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, तुम्ही बसल्यावर कानाच्या उंचीला आला पाहिजे, आणि ऐकायची जागाही दोघांपासून तेवढ्याच किंवा किंचित जास्त अंतरावर, म्हणजे साधारण समभुज त्रिकोण. स्पीकर जरासे आत वळवा. सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे खर्ज फुगतो, आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावरही नको, कारण १६ फूट लांबीत सगळ्यात खालची घुमणारी लहर येते ३५ हर्ट्झवर आणि ती मध्यावर जवळजवळ गायब असते. मागच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे आलात तर उत्तम, घरात यावर चर्चा होईल, ती तुम्ही बघा. निदान गाणं ऐकायला एक खुर्ची तरी पुढे ओढता येतेच.

मग आरसा घ्या, दाढीचा चालेल. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि बायकोला बाजूच्या भिंतीवर स्पीकरच्या उंचीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. ज्या जागी तुम्हाला आरशात ट्वीटर दिसेल तिथून आवाज आपटून तुमच्याकडे येतोय. तिथे पुस्तकांचं कपाट, जाड पडदा, काहीही लावा. दुसऱ्या बाजूला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा असेल तर गाणं ऐकताना पडदा ओढून घ्या. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असणार, स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. एक टाळी वाजवून बघा, टणटण असा शेपटीवाला आवाज आला तर खोली अजून उघडीबोडकी आहे.

सब आला की तो ऐकायच्या जागी सोफ्यावरच ठेवा, संथ खर्जाचं काही लावा आणि तुम्ही स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत फिरा. जिथे खर्ज सुटा आणि सारखा ऐकू येईल, एक सूर फुगून बाकीचे बसताहेत असं नको, तिथे सब न्यायचा. मुलं हसतील, हसू द्या.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर 'स्मॉल' करा, नावाने वाईट वाटून घेऊ नका, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचं सबकडे जातं तो आकडा, ८० हर्ट्झ ठेवा. मग गायकाचा सा, मंद्र पंचम सगळं मुख्य स्पीकरकडेच राहतं, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा पाया, जो ६९ च्या आसपास येतो, तेवढा सबकडे जातो. माइक लावून खोलीचं मोजमाप करायची सोय असते, ऑडिसी, वायपाओ, डिराक अशी नावं, ती वापरा. पण माइक सोफ्याच्या गादीवर टाकून नाही, कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला, पंखा आणि एसी बंद, कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर. नंतर गाण्यासाठी एक आणि पिक्चरसाठी एक असं सेटिंग बटणावर सेव्ह करून टाका, यामाहात त्याला 'सीन' म्हणतात, डेनॉनमध्ये 'क्विक सिलेक्ट'. गाण्याला साधा स्टिरिओ मोड. 'प्युअर डायरेक्ट' लावला म्हणजे शुद्धच असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये त्यात खोलीची दुरुस्तीही बंद होते आणि सबही. ज्या हॉलमध्ये खर्ज घुमतो तिथे दुरुस्ती चालू ठेवून ऐकलेलं बरं. दोन्ही लावून बघा, फक्त आवाज सारखा करून, कारण जरा मोठं वाजतं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं, दुकानातही याच एका युक्तीवर बरंच काही खपतं.

बरोबर लागलंय का हे तानपुऱ्यावरून कळतं. डोळे मिटा. गायक मधोमध, जरा मागे, तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तो झंकार, त्याच्या दोन्ही अंगांनी पसरलेली आणि तबला एका बाजूला, असं दिसायला लागलं की स्पीकरला हात लावायचा नाही. गायक कुठेच सापडत नसेल, आवाज सगळीकडून आणि पोकळ येत असेल, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीये. आणि जाता जाता, सवाईशी तुलना करू नका, मांडवात आपण ऐकतो ते मोठ्या लाउडस्पीकरवरूनच असतं. तुलना करायचीच तर कोणाच्या घरी बिनमाइकची बैठक होईल तिच्याशी करा.

प्रश्न (बाणेर) : माझ्याकडे चांगला स्टिरिओ इंटिग्रेटेड अँप (व्हॉल्यूम आणि पॉवर एकाच डब्यात) आणि टॉवर आहेत, गाणी त्यावर सुंदर वाजतात. आता एव्ही रिसीव्हर घेऊन ५.१ करायचंय पण पुढचे स्पीकर दोन्ही अँपना कसे जोडू? मित्र म्हणाला दोन्हीकडच्या वायर एकाच स्पीकरला लाव.

उत्तर : मित्राला चहा पाजा पण हे करू नका, दोन अँपची आउटपुटं एकमेकांना भिडली की एक तरी जळणार. टॉवर कायम तुमच्या स्टिरिओ अँपलाच राहू द्या. मागे फ्रंट प्री-आउट असलेलाच रिसीव्हर घ्या, तिथून साधी आरसीए (लाल-पांढऱ्या टोकांची) केबल अँपच्या 'होम थिएटर बायपास' किंवा 'मेन इन'मध्ये. मग पिक्चरच्या वेळी अँप फक्त पॉवर देतो, आवाज कमी-जास्त रिसीव्हरच्या रिमोटवरून. गाण्याच्या वेळी रिसीव्हर बंद, सीडी प्लेअर आणि डॅक (डिजिटल आवाज अँपला कळेल असा करणारी डबी) थेट अँपला. बायपास नसेल तर ऑक्स, म्हणजे अँपचं साधं इनपुट, वापरा आणि अँपचं बटण एका ठरावीक जागी, समजा घड्याळाच्या बारावर, चिकटपट्टीची खूण करून ठेवा, माइकचं मोजमाप त्याच खुणेवर करायचं आणि पिक्चरच्या वेळी तिथेच आणायचं. बायपासमध्ये मात्र चुकूनही सीडी प्लेअर किंवा फोन लावू नका, तिथे व्हॉल्यूम नसतोच, आवाज पूर्ण ताकदीने येतो आणि ट्वीटर जातो. ही व्यवस्था जरा खटाटोपाची आहे, घरातल्या बाकीच्यांना दोन रिमोटचं शिक्षण द्यावं लागतं, पण तुमच्याकडे अँप आधीच चांगला आहे तर दुसरं काही करूच नका.

प्रश्न (वाकड) : रात्री पिक्चर बघताना संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की मारामारीत खालच्या मजल्यावरून फोन येतो. सबखाली फोम टाकू का? पडदे जाड केले तर?

उत्तर : पडद्यांनी तुमच्या हॉलमधला चरचरीतपणा कमी होईल, खालच्यांची झोप नाही. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब, तिला पडदा काय अडवणार. फोमने स्लॅबमधून थेट जाणारी थरथर थोडी कमी होते, तेवढीच. खरा उपाय रिमोटवर आहे. सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा आणि सबची तेवढीच कमी करा, सिनेमाच्या त्या '.१' चॅनलला मुळातच बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्तीची मोकळीक ठेवलेली असते, त्यामुळे सब थोडा उतरवला तर पिक्चरचं काही बिघडत नाही. सेंटर स्पीकर युनिटच्या कप्प्यात खोल असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा आणि तोंड कानाच्या दिशेने जरा वर करा. मग 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक व्हॉल्यूम', ते मोठे आवाज दाबतं आणि हळू आवाज वर आणतं. सकाळी गाणं लावायच्या आधी ते आठवणीने बंद करायचं, नाहीतर आलाप आणि तान एकाच उंचीला येतात आणि तुम्ही स्पीकरला दोष देत बसता. बाकी ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे फोन करणाऱ्यांची बाजू भक्कम आहे.

प्रश्न (सिंहगड रोड) : अ‍ॅपवर गाणी अ‍ॅटमॉसमध्ये येतात, मग स्टिरिओची गरजच काय? मी फोनवरून ब्लूटूथने लावतो.

उत्तर : ब्लूटूथवरून रिसीव्हरला अ‍ॅटमॉस जातच नाही, दोन चॅनलच जातात आणि तेही कॉम्प्रेस होऊन. आधी टीव्हीला जोडलेल्या बॉक्समधून एचडीएमआयने लावून बघा. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून अ‍ॅटमॉस आहे, काही नवी गाणी खरंच छान बांधलेली असतात, पण जुनी रेकॉर्डिंग ओढून-ताणून पसरवलेली असतात तेव्हा गायिकेचा आवाज पातळ होतो. प्रत्येक गाण्याचं दोन्ही ऐका आणि जे आवडेल ते ठेवा. जुनं मोनो किंवा दोन चॅनलचं असेल तर मी स्टिरिओच लावतो.

प्रश्न (हडपसर) : स्पीकरमधून सतत 'हूंऽऽ' येतं, गाणं बंद असलं तरी.

उत्तर : बहुतेक केबल टीव्हीची जाड वायर. ती सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा, हूं थांबलं तर दोन अर्थिंगमधला घोळ आहे, त्या वायरला ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे तो घोळ तोडणारी छोटी डबी, लावा आणि सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, शॉक लागून माणूस जातो. वायर काढूनही थांबलं नाही तर सबची आरसीए केबल बदलून बघा.

प्रश्न (सदाशिव पेठ) : मी ७४ वर्षांचा. जुना स्टिरिओ अँप, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि रेकॉर्ड प्लेअर आहे, एलपी आणि वडिलांच्या काही ७८ च्या तबकड्या. टीव्हीचा आवाज मला नीट कळत नाही म्हणून मुलगा म्हणतो हे सगळं काढून साउंडबार आणि सब घेऊ. काय करावं?

उत्तर : काका, काही काढू नका. टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट असेल, लाल दिवा लुकलुकतो तो. तिथून एक ऑप्टिकल केबल, मग एक छोटा डॅक, आणि डॅकमधून आरसीए तुमच्या अँपच्या ऑक्समध्ये. दोन्ही वस्तू इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत मिळतील. टीव्हीच्या मेनूत ऑडिओ 'पीसीएम', म्हणजे साधा दोन चॅनलचा, करायला मुलाला सांगा, नाहीतर डॅकमधून नुसती खरखर येते किंवा काहीच येत नाही. बातम्या, नाटक, सीरियल सगळं त्या लाकडी स्पीकरवर साउंडबारपेक्षा कितीतरी मोकळं वाजेल. सेंटर स्पीकर लागत नाही, तुम्ही दोघांच्या मधोमध बसलात की बोलणारा माणूस आपोआप पडद्यात बसतो. ऐकू कमी येत असेल तर अँपवर ट्रेबल थोडा वाढवा, बास थोडा उतरवा, शब्द सुटे होतात.

७८ च्या तबकड्या मात्र एलपीच्या सुईवर लावू नका. त्यांची खाच रुंद, सुई लागते साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एलपीची पाऊण मिलच्या आसपास असते, ती खाचेच्या तळाशी घासत बसते आणि नुसती खरखर वाजवते. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसते ती डबी) ७८ ची सुई वेगळी मिळते, मॉडेल नंबर बघून मागवा. आणि जुन्या एकचॅनल तबकड्या लावताना अँपवर 'मोनो'चं बटण असेल तर दाबा, खरखर बरीच खाली बसते. साउंडबारचे पैसे वाचतील त्यातून सुई येईल.